चट्टा दिसला की आधी काय लावू नये?

पाणकणीस

त्वचेच्या तक्रारींवर इथे सुटं सुटं बरंच लिहिलं गेलंय, एका जागी मात्र काही सापडत नाही, म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. त्वचारोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. निदान करणार नाही, तेव्हा कृपया फोटो टाकू नका, निरोपातूनही पाठवू नका.

बाह्यरुग्ण विभागात बसून एक गोष्ट पक्की कळली. येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा मूळ आजार किरकोळ असायचा, पण घरी त्यावर जे जे चोळलेलं असायचं त्यामुळे तो ओळखूच येत नसे. आधी लिंबू, मग लसूण, मग कुणाच्या तरी कपाटातली अर्धी ट्यूब, शेवटी टूथपेस्ट. डॉक्टर पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ असा विचारतच नसत, ‘काय काय लावलंत?’ असा विचारत.

घरी करण्यासारखं जे आहे ते बहुतेक एका प्रश्नावर ठरतं. या जागेला कोरडेपणा हवाय की ओलावा? जांघ, काख, स्तनांखालची जागा, पोटाची वळी, पायाच्या बोटांच्या बेचक्या इथलं दुखणं बहुधा घाम साचून, कातडीला कातडी घासून सुरू होतं. तिथे तेल-मलम थापलं की बुरशीची चंगळच. याउलट कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, पोटऱ्यांवर, हातांच्या पाठीवर जी खरखरीत, भेगाळलेली, खाजरी त्वचा दिसते तिला स्निग्धपणा हवा असतो. तिच्यावर पावडर, स्पिरिट, दिवसातून चारदा साबण हा निव्वळ छळ. लोक नेमकं उलटं करतात, कारण खाज दोन्हीकडे सारखीच असते आणि खाजेला ‘घाण’ समजून धुण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

काहीच कळत नसेल तर पहिल्या दिवशी एवढंच करा. कोमट-थंड पाण्याने जागा धुवा, टिपून कोरडी करा (घासून नाही), गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं ठेवा, सैल सुती कपडे घाला आणि नखं कापा. साधारण याच सुमारास नवं काही सुरू केलंय का तेही आठवा. साबण, केसांचा रंग, अत्तर, घड्याळाचा पट्टा, नवी गोळी, काहीही. एवढ्यानंच उतरणारे पुरळ बरेच असतात.

आडवाट

धागा चांगला, पण सूर पटला नाही. कडुलिंब, हळद, कोरफड पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत ते काय उगीच? कडुलिंबात बुरशी मारणारी द्रव्यं आहेत हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. ट्यूबमधल्या रसायनापेक्षा पाल्याचा रस केव्हाही बरा. झालाच तर फायदा, अपाय तर नाही ना?

चिंगी

वाचतेय. लहान बाळांबद्दलही लिहा प्लीज.

पाणकणीस

आडवाट, ‘अपाय तर नाही ना’ इथंच गाडी अडते. काचेच्या बशीत बुरशी मरणं आणि कातडीच्या थरांत शिरलेली बुरशी मरणं यात फार अंतर आहे. बशीत ती ब्लीचनंही मरते.

तरी सरसकट मोडीत काढत नाही. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंग धुतलं तर फारसं बिघडत नाही. आराम पडतो त्यात गार पाण्याचा वाटा मोठा. पाल्याचा लगदा ओरखडलेल्या त्वचेवर बांधून ठेवला तर मात्र ती आणखी चिडू शकते. आणि कडुलिंबाचं तेल तान्ह्या बाळाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका, त्यानं झटके येऊन गंभीर आजारी पडलेल्या बाळांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हळदीची माझी तक्रार वेगळी आहे. तिच्या रंगाखाली लाली पसरतेय की ओसरतेय ते दिसतच नाही, शिवाय काहींना तिची ॲलर्जी असते. कोरफडीचा पारदर्शक गर उन्हाने भाजलेल्या त्वचेला गारवा देतो, पण सालीलगत निघणारा पिवळा चीक चिडवतो. तो निथळू द्यायचा, मग गर काढायचा.

लसूण आणि लिंबाला मात्र माझ्याकडे माफी नाही. लसूण ठेचून बांधल्यावर भाजल्यासारखे फोड येतात, विशेषतः मुलांना. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर रसातली द्रव्यं आणि ऊन मिळून त्वचा पोळते आणि मागे काळपट ओघळ राहतात, कधी कधी कित्येक महिने. खाण्याचा सोडा चोळणारेही असतात. निरोगी त्वचेचा सामू ४.५ ते ५.५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. तो आम्लपणा जंतूंना थोडंफार रोखून धरतो. सोडा त्याच्या उलट, अल्कधर्मी. व्हिनेगर आम्ल असलं तरी ते न मिसळता लावून भाजून घेतलेलेही आहेत. जंतुनाशक द्रव बाटलीतून थेट ओतणं हाही त्यातलाच प्रकार.

घरातल्या ज्या गोष्टी खरंच कामाच्या आहेत त्यांची नावं सांगितली की लोकांची निराशा होते. गार पट्टी, पेट्रोलियम जेली, कॅलामाइन, बारीक दळलेलं ओट्स कोमट पाण्यात कालवून केलेली आंघोळ. ओट्सला खाज शमवणारा घटक म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकांनीही मान्यता दिलेली आहे, हे तुमच्या बाजूने सांगते. कोरड्या त्वचेला खोबरेल तेलही चालतं. जांघेत नको.

गोळीवाला

मी औषधाच्या काउंटरवर बसतो. रोज ऐकू येणारं वाक्य: ‘खाजेची ट्यूब द्या.’ कुठली खाज, कुठे, कधीपासून, काही नाही.

लोकांना जी ट्यूब ‘लागू पडते’ ती बहुधा तीन-चार औषधांची मिसळ असते. बुरशीचं एक, जंतूंचं एक आणि एक जबर स्टिरॉइड, बहुतेक वेळा क्लोबेटासोल. स्टिरॉइडनं लाली आणि खाज एक-दोन दिवसांत बसते. गिऱ्हाईक खूश. पण स्टिरॉइडनं त्या जागेची प्रतिकारशक्तीही बसते, म्हणून बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब थांबली की दुप्पट भडका. मग पुन्हा तीच ट्यूब. महिनोन्‌महिने असं चाललं की जांघेत आणि काखेत त्वचा पातळ होऊन पांढुरक्या-जांभळट रेघा पडतात, त्या जात नाहीत. चेहऱ्यावर लावली तर पुरळ, बारीक लाल शिरा आणि ट्यूब सोडताच आग.

पाकीट वाचायची सवय लावा. घटकांच्या नावात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं की ते स्टिरॉइड. डॉक्टरांनी बघून दिलं असेल तर ठीक. शेजारच्यांनी दिलं असेल तर परत करा.

पाणकणीस

गोळीवाला, अगदी. फक्त एक पुरवणी जोडते, नाहीतर वाचणारे दुसऱ्या टोकाला जातील. स्टिरॉइड हा खलनायक नाही. एक्झिमा (वर सांगितलेल्या कोरड्या, खाजऱ्या त्वचेचा आजार) भडकला असेल तर योग्य ताकदीचं स्टिरॉइड मलम, ठरलेल्या दिवसांपुरतं, हेच खरं औषध. भीतीपोटी चिमूटभर लावून महिनाभर खाजवत बसलेली मुलंही मी भरपूर पाहिली आहेत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मोजायला तराजू लागत नाही.

सुतारपक्षी

गोळीवाला यांनी लिहिलेलं वाचून गप्प बसवेना. मला जांघेत आणि कमरेच्या पट्ट्यापाशी गोल चट्टे आहेत. ट्यूब लावली की जातात, सोडली की येतात. आधी कडा स्पष्ट होती, आता सगळं धूसर, पसरट झालंय. घरच्यांचं म्हणणं, अंघोळ नीट करत नाहीस. मी दिवसातून दोनदा साबण लावून घासतो हो!

पाणकणीस

सुतारपक्षी, अंघोळीचा काही दोष नाही. घासणं मात्र थांबवा. तुमचं काय आहे ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण वर्णन नायट्याचं वाटतं, आणि तो ट्यूबनं धूसर झालेला असावा. नायट्याची खूण म्हणजे बाहेरची कडा उंचवट्याची, लालसर, खवल्यांची आणि मधला भाग त्यामानाने निवळलेला. बुरशी कडेकडेनं पुढे सरकत असते, म्हणून वर्तुळ मोठं होत जातं. स्टिरॉइडनं नेमकी ती कडाच पुसली जाते आणि अनुभवी नजरही फसते. म्हणून तुम्ही घरी काही न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि जाताना ट्यूब बरोबर न्या. ते खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. साधी तपासणी असते, दुखत नाही.

ज्यांचा नायटा नवा आहे, एखाद-दुसरा चट्टा आहे आणि स्टिरॉइड लागलेलं नाही, त्यांना नुसतं बुरशीविरोधी मलम पुरतं. क्लोट्रिमाझोल असेल तर दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. कडेच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. माणसं इथं हमखास गळतात. खाज गेली म्हणजे बरं झालं, असा हिशेब असतो.

औषधाइतकंच बाकीचं महत्त्वाचं. टॉवेल स्वतंत्र. अंतर्वस्त्रं सैल, सुती, रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली, दमट कपडे अंगावर चढवू नका. अंघोळीनंतर जांघ टिपून दोन मिनिटं वारा लागू द्या. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांवरही त्याच वेळी उपचार करा, नाहीतर पायातली बुरशी चड्डी घालताना वर येते. आधी मोजे, मग चड्डी, हा क्रम लोकांना विनोदी वाटतो पण त्यामागचं कारण हे आहे. एकच बूट रोज घालू नका, आतून वाळायला त्याला दिवसभर लागतो. घरात आणखी कुणाला असेल तर दोघांचे उपचार एकदमच. मांजर-कुत्र्याच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर त्यालाही पशुवैद्याकडे न्या.

डोक्यातला आणि नखातला नायटा मलमानं सहसा जात नाही, गोळ्या लागतात. अलीकडे टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीही अनेक देशांत सापडतात. त्यातल्या एकीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव २०२० साली मिळालं. त्यामुळे औषध नीट घेऊनही चार आठवड्यांत फरक नसेल तर तेच रेटत बसू नये.

सुतारपक्षी

मोजे-चड्डी क्रम आजपासून लागू. धन्यवाद, आणि ते घासण्याचं घरी वाचून दाखवलं.

चिंगी

बाळाचं विचारलं होतं. लंगोटाच्या जागी लाल झालंय, पावडर टाकतेय पण कमी होत नाही. आणि मानेवर, पाठीवर घामोळं आहे. दोन्हीला तेच चालेल का?

पाणकणीस

चिंगी, सॉरी, राहून गेलं. पावडर आधी बंद कर. ती उडून बाळाच्या श्वासात जाते आणि घडीत साचून तिचे गोळे होतात, ते घासतात.

लंगोटाच्या जागी लघवी-शी आणि ओल यांनीच त्वचा पोळते. लंगोट वरचेवर बदलणं आणि दिवसातून शक्य तेवढा वेळ उघडं ठेवणं हेच निम्मं औषध. सुगंधी ओले रुमाल नकोत, साधं पाणी आणि कापूस पुरे. टिपून वाळवल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर, भिंतीला गिलावा करतात तसं. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही, मळलेला थर तेवढा अलगद पुसायचा. आता नीट बघ. जांघेच्या घडीच्या आतपर्यंत लाल आहे का, आणि भोवती सुटे सुटे बारीक लाल ठिपके आहेत का? असतील तर कॅन्डिडा बुरशी असण्याची शक्यता मोठी, तिला बुरशीविरोधी मलम लागतं, डॉक्टरांना विचारून. नुसत्या ओलीनं झालेलं पुरळ घडीच्या खोलात सहसा शिरत नाही.

घामोळ्याचं कारण वेगळं, घामाच्या नळ्या तुंबतात. वरून तेल चोपडलं की आणखी तुंबतात. गार जागा, कमी कपडे, पाण्यानं पुसून घेणं, हवं तर कॅलामाइन. एक-दोन दिवसांत उतरतं. तेव्हा नाही, दोन्हीला तेच चालणार नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुरळ आणि ताप एकदम असेल तर इथं विचारत बसू नकोस, थेट दवाखाना.

रातकिडा

आमच्याकडे सगळ्यांनाच खाज सुटली आहे. दिवसा बरं असतं, रात्री अंथरुणात पडलं की सुरू. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या. एकानं सांगितलं रक्त खराब झालंय, एकानं सांगितलं ॲलर्जी. गोळी घेऊन तात्पुरतं बरं वाटतं.

वाटाड्या

आयडी सार्थ केलात. (हलकं घ्या.)

गोळीवाला

रातकिडा, घरातल्या दोघातिघांना एकदम आणि रात्री जास्त, एवढं ऐकलं की आम्ही काउंटरवरूनही म्हणतो, खरूज असेल, डॉक्टरांना दाखवा.

पाणकणीस

मलाही पहिल्यांदा खरूजच आठवली. दाखवून खात्री करून घ्या. लाजण्यासारखं काही नाही, अगदी टापटीप घरांतही होते. डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढा कीटक कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. खाज मुख्यतः त्याच्याविरुद्ध शरीरानं दाखवलेल्या रागाची. म्हणून पहिल्यांदा लागण झाली की चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, आणि तोवर ती घरभर पसरलेली असते. ‘रक्त खराब’ वगैरे सोडून द्या. या कीटकाचा खरजेशी असलेला संबंध इटलीच्या बोनोमो यांनी १६८७ साली लिहून ठेवला होता. नेमकं कारण माहीत झालेल्या पहिल्यावहिल्या माणसाच्या आजारांपैकी हा एक.

डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिन देतील. ते कसं लावायचं यातच यश-अपयश आहे. फक्त पुळ्यांवर लावायचं नाही, तर मानेपासून पायाच्या नखांपर्यंत सगळीकडे, बोटांच्या बेचक्या, बेंबी, नितंबांची घडी, नखांखाली. आठ ते चौदा तास ठेवून मग अंघोळ. मध्ये हात धुतले तर हाताला परत लावायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. आणि घरातल्या प्रत्येकानं त्याच रात्री, खाज असो वा नसो. इथं कुणीतरी ‘मला काही नाही’ म्हणून सुटतो आणि महिन्याभरानं सगळं पहिल्यापासून. गरोदर बाई, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तान्ह्यांना आणि फार वयस्करांना डोक्यालाही लावावं लागतं.

कपडे, चादरी, उशांचे अभ्रे त्याच दिवशी गरम पाण्यात, साठ अंशांच्या वर. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाचं अंग सुटलं की हा कीटक दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, त्यामुळे घरभर फवारणी करायची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे, औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. ती पाहून घाबरून पुन्हा पुन्हा औषध चोपडू नका, त्यानंच त्वचा भाजते. तेवढ्या काळापुरतं खाजेचं औषध डॉक्टर देतात.

आडवाट

हे व्यवस्थित लिहिलंत. परमेथ्रिन हे क्रायसँथेममच्या (शेवंतीच्या जातीच्या) फुलांतल्या द्रव्यावरून बेतलेलं आहे हेही सांगा की मग. शेवटी वनस्पतीच!

पाणकणीस

बेतलेलं आहे, मान्य. पण बनतं कारखान्यात आणि मात्रा ठरलेली असते. तुमची फुलं चोळू नका म्हणजे झालं, त्या फुलांची ॲलर्जी होणारे पुष्कळ आहेत. :)

निवडुंग

माझा प्रश्न कोरड्या गटातला. लहानपणापासून एक्झिमा आहे. मॉइश्चरायझर लावते, पण उपयोग होत नाही. महागडं घ्यावं का?

पाणकणीस

महाग-स्वस्तानं फरक पडत नाही, किती आणि कधी लावता त्यानं पडतो. अंगभर एक्झिमा असेल तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. हो, किलो. छोटी बाटली दोन महिने पुरत असेल तर तुम्ही लावतच नाही आहात असं समजा. अंघोळ कोमट, पाच-दहा मिनिटांची, साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर, आणि टिपल्यावर अंग किंचित ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे ते पाणी आत कोंडलं जातं. घासायचं नाही, लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेनं ओढायचं. सुगंध नसलेलं आणि जितकं घट्ट-चिकट तितकं गुणी. पेट्रोलियम जेलीसारखं स्वस्त काही नाही आणि तिच्यात ॲलर्जी होण्यासारखंही जवळपास काही नसतं. ऑलिव्ह तेल टाळा, त्यानं त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो असं अभ्यासांत दिसलंय. मोहरीच्या तेलाबद्दलही तसंच.

एक सावधगिरी कुणी सांगत नाही. अशी मलमं मुरलेले कपडे आणि चादरी ज्वाळेजवळ पटकन पेट घेतात. शेगडीपाशी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी जपावं.

एक्झिम्यावर पिवळसर खपली धरून पाणी गळू लागलं तर जंतुसंसर्ग झालाय. आणि एकसारखे, टोचल्यासारखे खोल, दुखरे फोड झपाट्यानं आले, वर ताप असेल, तर हर्पीसचा विषाणू त्यात शिरलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवायचं.

वाटाड्या

अंगावर पित्त उठतं त्याचं काय? गांधी उठतात, तासाभरात जातात, दुसरीकडे उठतात. डॉक्टरकडे पोचेपर्यंत गायब. आम्ही खोटारडे ठरतो.

पाणकणीस

तेव्हाच फोटो काढून ठेवा, इथं टाकायला नाही, डॉक्टरांना दाखवायला. एकेक गांध चोवीस तासांच्या आत खूण न ठेवता जाते, हीच तिची ओळख. शंका असेल तर एका गांधीभोवती पेनानं रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. तीच जागा दोन दिवस तशीच, दुखरी, मागे काळसर डाग, असं असेल तर ते साधं पित्त नाही. घरी गार पट्टी आणि सेटिरिझिन किंवा लोराटाडिनसारखी गोळी (सेटिरिझिननं काहींना झोप येते, गाडी चालवताना जपा). ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं पित्त वाढवू शकतात. बरेचदा कारण सापडत नाही आणि शोधत बसून माणूस एकेक पदार्थ सोडत उपाशी राहतो, त्याची गरज नसते. सहा आठवड्यांहून जास्त चाललं तर तज्ज्ञांकडे.

ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली तर गोळी घेऊन वाट बघू नका. ताबडतोब रुग्णवाहिका.

गोळीवाला

ताईंच्या यादीत भर घालतो, कारण आमच्याकडे लोक उशिरा येतात.

गळू: दाबून फोडू नका, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाच्या मधल्या पट्ट्यात. दहा-पंधरा मिनिटं ऊन फडक्याचा शेक, दिवसातून तीन-चारदा. आपोआप फुटलं तर धुऊन झाकून ठेवा. वारंवार होत असतील तर रक्तातली साखर तपासा.

नागीण: एकाच बाजूला, पट्ट्यासारखे फोड, आणि फोड येण्याआधीच दोन दिवस ठणका. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग. लेप लावत चार दिवस घालवले की ती संधी जाते. कमरेभोवती वेढा पुरा झाला तर माणूस दगावतो, ही भीती निराधार आहे. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी.

पाणकणीस

गोळीवाला, छान. मी धोक्याच्या खुणा लिहिते म्हणजे शोधायला सोपं.

लाली तासातासानं पसरतेय, जागा गरम, टणक, दुखरी आहे, ताप आहे: कडेला पेनानं रेघ मारा आणि निघा. लाली रेघ ओलांडते का ते डॉक्टरांना लगेच कळतं. दुखणं दिसतं त्याच्या मानानं फारच भयंकर असेल तर आणखी घाई. जांभळट-लाल ठिपके पारदर्शक काचेचा पेला दाबूनही मावळत नसतील आणि माणूस आजारी वाटत असेल तर क्षणाचाही उशीर नको. नवी गोळी सुरू केल्यावर पुरळ आणि त्याबरोबर तोंडात, डोळ्यांत, जननेंद्रियावर फोड किंवा कातडी सुटणं, हेही आणीबाणीचं. गोळीचं पाकीट बरोबर न्या. मधुमेह असणाऱ्यांनी पायाची कुठलीही जखम किंवा चिखली घरगुती समजू नये.

सावळ्या त्वचेवर लाली ‘लाल’ दिसत नाही, जांभळट, तपकिरी किंवा नुसती गडद दिसते. तिथे शेजारच्या त्वचेशी तुलना करा आणि हाताच्या पाठीनं गरमपणा बघा. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात, त्यावर विसंबून कितीतरी जण ‘लाल तर नाही’ म्हणून थांबलेले बघितलेत.

निवडुंग

वाचनखूण साठवली. पाव किलोचा डबा मागवला आहे.

चिंगी

पाणकणीसताई, जांघेच्या आतपर्यंत होतं आणि ठिपकेही होते. डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोल दिलं, उतरतंय. आता मोठ्याच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली धरलेले फोड आलेत. शाळेत पाठवू का?

पाणकणीस

आज नको. मधाच्या रंगाची खपली म्हणजे बहुधा इम्पेटिगो, जंतूंचा आणि भराभर पसरणारा. डॉक्टर प्रतिजैविक मलम किंवा औषध देतील. ते सुरू करून किमान एक दिवस झाला, कुठे कुठे दोन दिवस सांगतात, किंवा सगळे फोड वाळले की शाळा. खपल्या कोमट साबणाच्या पाण्यानं भिजवून अलगद काढ, मग मलम, मग तुझे हात धू. त्याचा टॉवेल, रुमाल, उशीचा अभ्रा वेगळा, आणि नखं आजच काप. बाळापासून दूर झोपव. आणि बाळासाठी दिलेली ट्यूब त्याला लावू नकोस, ती बुरशीची आहे.

गोळीवाला

आणि बाळाची ट्यूब संपली नाही तरी वर्षभरानं ‘पडली होती म्हणून’ काढू नका. उघडल्याची तारीख पेनानं ट्यूबवरच लिहा. काही मलमांच्या पाकिटावर उघडल्यानंतर किती महिने चालतं तेही छापलेलं असतं, उघड्या डब्याचं छोटं चित्र शोधा. बोटं बुडवायच्या डब्यापेक्षा ट्यूब किंवा पंप बरा. निवडुंग, तुमच्या पाव किलोच्या डब्यात हात घालू नका, स्वच्छ चमचा वापरा.